श्री कापलेले अर्ज

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी पेडण्यात सगळ्यांना एकाच गोष्टीची टंचाई भासू लागली, ती म्हणजे जागेची. नवीन राज्य म्हणजे नवीन खाती, नवीन खाती म्हणजे नवीन साहेब, आणि साहेब म्हटला की त्याला खोली हवी, पंखा हवा, बाहेर पाटी हवी. बाजारामागच्या कौलारू घरात जमिनीच्या आणि तालुक्यातल्या इतर जुन्या कागदांची एक कचेरी होती. तिच्या मागच्या खोल्यांवर सगळ्यांचा डोळा गेला. तिथे नुसते कागद राहत होते, आणि कागदांना मत नसते. पणजीहून हुकूम आला: जुने दप्तर निवडा, ठेवायचे ते ठेवा, उरलेले नष्ट करा आणि दिवाळीपूर्वी खोल्या मोकळ्या करून द्या.

हेडक्लार्क गुरुदास कोरगावकरांनी असे हुकूम आधीही पाहिले होते आणि पचवलेही होते. नियम सोपा होता. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे काही वर्षे आणि क वर्गाचे जाळून टाकायचे. कोणता कागद कुठल्या वर्गात जातो हे पुस्तकात छापलेले होते, पण पुस्तक उघडतो कोण? जो गठ्ठा उचलवत नसे तो अ, वाळवीने निम्मा खाल्लेला तो क, आणि मधले सगळे पुढच्या साहेबासाठी. पोर्तुगीज अमदानीतले कागद कुणाला वाचता येत नसत म्हणून ते आपोआप अ वर्गात जात. जे कळत नाही ते महत्त्वाचेच असणार, असा कचेरीचा पक्का समज होता.

हे काम करायला या खेपेला विनोदिनी शेट्ये नावाच्या अधिकारी आल्या. मूळच्या डिचोलीच्या, वयाने गुरुदासांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. दिसायला साध्या, बोलायला त्याहून साध्या, आणि कामाला बसल्या की उठायचे नाव नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी शिपाई सगुणला हाक मारली आणि एक गठ्ठा आपल्या मेजावर न ठेवता समोरच्या खुर्चीवर ठेवायला सांगितला. त्या खुर्चीवर एरवी कामासाठी आलेला माणूस बसे.

"कदेलार?" सगुणने विचारले.

"कदेलारच. आता सांगात, हें मागूक कोण येतलो?"

सगुणने गठ्ठा खुर्चीवर ठेवला. बाईंची पद्धत ती हीच. प्रत्येक गठ्ठा खुर्चीवर बसवायचा आणि विचारायचे, हा कागद मागायला उद्या कोण माणूस या दारात येईल? 'कोणीतरी येईल' हे उत्तर चालत नसे. कुठल्या गावचा, कशासाठी, कुठल्या अडचणीत सापडलेला, असा डोळ्यांपुढे उभा राहील असा माणूस सांगावा लागे. सांगता आला तर कागद राहिला. सगळ्यांनी डोके खाजवूनही माणूस सुचला नाही तर त्या पुस्तक उघडून नियम तपासत, गठ्ठ्यावर तांबड्या पेन्सिलीने क लिहीत आणि खाली पूर्ण सही करीत.

गुरुदासांना आधी हा सगळा पोरखेळ वाटला. मग त्यांना त्याची गोडी लागली. लग्नासाठी जादा साखर मिळावी म्हणून आलेले अर्ज खुर्चीवर बसले तेव्हा कोणीच सुचले नाही. ती लग्ने होऊन त्यांच्या पोरांचीही लग्ने होत आली होती. ते गेले. नंतर रस्त्याच्या कामावर आलेल्या कोल्हापूर-बेळगावकडच्या मजुरांची एक यादी आली. झोपडीत कोण राहतो, कुणाला तिथेच मूल झाले, असले तपशील. गुरुदास म्हणाले, ती माणसे कधीच आपल्या वाटेने निघून गेली. बाई म्हणाल्या, "मूल गेला न्हय? पण ता मूल वाडतला, आनी कोणतरी तेका जल्माचो दाखलो मागतलो. ता खंय जातला?" यादी राहिली. त्या रात्री जेवताना गुरुदासांनी बायकोला ही गोष्ट सांगितली. कचेरीतले काही घरी सांगण्यासारखे वाटले असे त्यांच्या नोकरीत फारसे घडले नव्हते.

चतुर्थीच्या तोंडावर पार्से गावच्या हरकत अर्जांचा गठ्ठा खुर्चीवर आला. त्याची हकीकत अशी. पार्शाला डोंगराच्या उतारावर काजूची जमीन आहे. कसणारी कुळे पिढ्यान्‌पिढ्या तीच, पण सर्व्हे झाला तेव्हा कागदावर एकट्या भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, नाव चढले. तेव्हा गावातल्या मास्तरांनी सगळ्या कुळांना बसवून प्रत्येकाचा हरकत अर्ज लिहून दिला. चौकशी करणारा अधिकारी बदलून गेला, त्याच्या जागी कोणी आले नाही, आणि ते अर्ज न ऐकताच दोरीत बांधले गेले. दरम्यान सर्व्हे कायम झाला. मास्तरही वारले.

"हे मागूक कोण येतलो?" बाईंनी विचारले.

गुरुदासांना घरी जायचे होते. गणपतीवर बांधायच्या माटोळीला लावायची फळे अजून बाजारातच होती आणि बायकोने सकाळी दोनदा आठवण केली होती. ते म्हणाले, "कोण नाय. सर्व्हे पक्को झालो. आता हरकतीक कोण इचारता?"

"कोणच नाय?" बाईंनी पुन्हा विचारले.

"कोणच नाय, बाय."

बाईंनी पुस्तक पाहिले. निकाली सर्व्हेच्या हरकती ठरावीक वर्षांनंतर क वर्गात, असे त्यात स्पष्ट होते, आणि वर्षे उलटून गेली होती. त्यांनी क लिहिले आणि सही केली.

आता सगुणबद्दल सांगितले पाहिजे. सगुण चोपड्याचा, नदीकाठी घर, देवभोळा म्हणावा तर कचेरीला पुरून उरेल इतका. राजभाषेच्या कायद्यावरून राज्यभर कितीही रणे माजलेली असोत, या कचेरीत येणारे अर्ज मराठीत असत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर श्री असे. तो कागद जाळायचा म्हणजे देवाचे नाव चुलीत घालायचे! सगुणच्या हाताला ते धजेना. म्हणून कुठल्याही गठ्ठ्यावर क पडला की तो मागच्या सोप्यावर कात्री घेऊन बसे आणि प्रत्येक कागदाचा माथा कापून घेई. कापलेले श्री पोत्यात जमवी आणि चतुर्थीला आपल्या घरच्या गणपतीबरोबर नदीत सोडी. उरलेले कागद मग खुशाल जाळायला मोकळे. पोर्तुगीज कागदांना ही कटकट नव्हती. कचेरीत आलेल्या गेल्या कित्येक साहेबांना याचा पत्ता नव्हता. गुरुदासांना होता. कात्री त्यांनीच सरकारी खर्चातून आणून दिली होती, कारण खरे सांगायचे तर श्री जाळणे त्यांच्याही जिवावर येई.

देवाच्या नावाला कात्री लागू नये म्हणून सगुण माथा चांगला चार-पाच बोटे खाली कापी.

चतुर्थी झाली. पावसाने मागचे अंगण चिखल करून टाकले होते, म्हणून जाळणे दसऱ्यावर ढकलले. कापलेले गठ्ठे सोप्यावर ताडपत्रीखाली पडून राहिले. आणि एका सकाळी पार्शाहून भागीरथी आली.

पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळे. नवरा निवृत्ती दोन पावसाळ्यांमागे गेला होता आणि उतारावरची जमीन आता ती एकटी बघत होती. ती बाईंच्या समोर उभी राहिली, खुर्चीवर बसायला सांगितले तरी बसेना. कुळांनी आपली नावे लावून घेण्यासाठी दावा केला होता. भाटकाराने जबाब दिला होता की या लोकांनी सर्व्हेच्या वेळी हूं की चूं केले नाही, आज एकाएकी कुळे कुठून उगवली? दिवाळीच्या आत सुनावणी होती. हरकत घेतली होती हे दाखवा, नाहीतर दावा गेला, असे वकिलाने बजावले होते.

"माज्या घोवान अर्ज दिल्लो," भागीरथी म्हणाली. "मास्तरांनी लिवलेलो. तेची नक्कल होयी. सगळ्यांचीच होयी, पण मी फुडे येयलंय."

गुरुदासांनी लेखणी खाली ठेवली. 'कोणच नाय' म्हणून सांगितलेला माणूस समोर उभा होता, गाव सांगत होता, अडचण सांगत होता. ते उठून मागच्या सोप्यावर गेले. ताडपत्री उचलली. गठ्ठा होता, वाळवी नव्हती, पाणी लागले नव्हते. पण एकाही अर्जाला माथा नव्हता. आणि मास्तरांची पद्धत आडवी आली. इतर लोक नाव आणि अंगठा खाली घेतात. मास्तर सगळे वर घेत, नाव, गाव, तारीख, अंगठा, श्रीच्या लगेच खाली, कारण देवाच्या समोर अंगठा दिलेला माणूस खोटे बोलत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. खाली नुसते 'कळावे'. जमिनीचे वर्णन होते, चतुःसीमा होत्या, पण कुणाची जमीन हे सांगणारा भाग चोपड्याच्या नदीतून केव्हाच समुद्राला मिळाला होता. आवक बुकात नावे होती, पण कुठले नाव कुठल्या कागदाचे हे त्यात नव्हते. अक्षर सगळीकडे एकच, मास्तरांचे.

सगुण दारात आला आणि सगळे समजून तिथेच खाली बसला. "देवाक वाचयलंय आनी मान्सांक बुडयलंय," तो म्हणाला. त्याला रडू फुटले.

गुरुदास आत गेले, बाईंना बाजूला घेतले आणि काय झाले ते हळू आवाजात सांगितले. कात्री आपणच दिली हेही सांगितले. मग आपला सल्ला दिला. नोकरीत मुरलेल्या माणसाने दिला असता तोच. "बाय, गठ्ठ्यार क आसा. पुस्तकाप्रमाण आसा. आजच जाळून टाकुया. बायलेक सांगुया, नियमाप्रमाण नश्ट झालां. कोण तुमका इचारूचो नाय. जर ह्या भायर फुटला तर तुमचेर कागद येतलो. तुमची नोकरी अजून खूप आसा."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सही कोणाची आसा?"

"तुमची. पण सांगितलंय मीच."

"इचारलंय मी, सांगितलास तुमी, सही केलंय मी. ती बाय सगुणाच्या कात्रेक मागूक येवक नाय. माका मागूक येयल्या."

आणि त्या सरळ भागीरथीपाशी गेल्या. गुरुदासांना वाटले होते की त्या कुठून तरी वळसा घेतील, निदान आवाज खाली तरी करतील. त्यांनी तो माथा नसलेला गठ्ठा आणून मेजावर ठेवला आणि सगळे होते तसे सांगितले: अर्ज जाळायचे म्हणून मी लिहिले, नावे कापली गेली, चूक कचेरीची आहे आणि सही माझी आहे. भागीरथी कागदांकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हते, पण कापलेला कागद कापलेला दिसतो.

"म्हणजे गेला सगळा?" ती म्हणाली.

"नाय. तुमची जमीन तुमी वळखतात मगे?"

"वळखतलंय नाय तर?"

"तर ती तुमीच येवन सांगायची," बाई म्हणाल्या.

असे काम कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नव्हते, आणि गुरुदासांनी ते तसे बोलूनही दाखवले. पुस्तकात नाही म्हणजे मनाईही नाही, एवढे म्हणून बाईंनी नोटिसा लिहायला घेतल्या. पार्शाच्या सगळ्या अर्जदारांना एक, आणि भाटकाराला एक: तुमच्या तर्फेचा माणूस हजर ठेवा, प्रत्येक कागद त्याच्यासमोर उघडला जाईल. पणजीला त्यांनी स्वतःच कळवले, आपल्या चुकीसकट. ते पत्र टाइप करताना गुरुदासांनी दोनदा हात थांबवला. तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा बाई म्हणाल्या, "गुरुदासबाब, रिबन सुकली काय?" ते मुकाट टाइप करीत राहिले. खाली बाईंची सही झाली तेव्हा गुरुदासांनी आपणहून एक ओळ घातली, की कात्रीची माहिती हेडक्लार्कला होती, आणि आपलीही सही केली. गेल्या कित्येक वर्षांत एखादी सही करून इतके बरे वाटले नव्हते.

ठरलेल्या दिवशी सगळे पार्से लोटले. भाटकाराचा मुकादम रामचंद्र छत्री दोन गुडघ्यांत धरून सोप्यावर येऊन बसला. उमर साठीची, भाटकाराच्या घरी उभा जन्म गेलेला, काजूच्या हंगामात उतारावर फिरून कुळांकडून भाटकाराचा वाटा घेणारा. त्याला बघून कुळांच्या बोलण्याचा आवाज उतरला.

बाईंची रीत अशी होती. लोक रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बसतील. सगुण एकेकाला घेऊन येईल. आलेल्याने आपल्या जमिनीचे ढोबळ वर्णन सांगितले की त्यावरून कागद काढून तो आधी रामचंद्राला दाखवायचा. मग बाई चतुःसीमेतल्या दोनच बाजू वाचतील आणि उरलेल्या दोन आलेल्या माणसाने सांगायच्या. कागदाशी जुळले तर मुकादमाची सही, बाजूला बसवलेल्या दोन पंचांची सही, आणि कागदाच्या माथ्यावर नवा तुकडा चिकटवून त्यावर नाव. कुठलाही प्रश्न असा विचारायचा नाही की त्यात उत्तर दडलेले असेल.

"मान्स आयकान सांगतली," रामचंद्राने सुरुवातीलाच हरकत घेतली. "गावात सगळ्यांक सगळ्यांची हद्द ठावक आसा."

"म्हणून तर चारय बाजू वाचणंय नाय," बाई म्हणाल्या. "आनी कागद पयलो तुमच्या हातात."

माणसे येत गेली. एका म्हाताऱ्याने पूर्वेची हद्द सांगताना शेजाऱ्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला, आणि कागद पाहिला तर मास्तरांनीही त्यातले बरेचसे, सौम्य करून का होईना, लिहून ठेवलेले निघाले. गुरुदासांना हसू आवरेना. एकीने जांभळाचे झाड सांगितले, कागदात जांभूळ होते. एकाने सांगितले की दक्षिणेला पूर्वी वई, म्हणजे काट्यांचे कुंपण, होती, ती मोडली, आता नाही, पण अर्जात असेल. अर्जात ती होती. मास्तरांनी माणूस जसा बोलला तसा उतरवला होता. गुरुदास ते अर्ज वर्षानुवर्षे नुसते गठ्ठे म्हणून बघत आले होते, आणि आता त्यांतून एकेक माणूस बोलत होता. जुळले की ते नावाचा तुकडा चिकटवीत आणि रामचंद्राकडे लेखणी देत. रामचंद्र सही करी, काही न बोलता. कुठे खोड काढता येईल अशी एकही जागा बाई ठेवत नव्हत्या. गुरुदासांना त्यांचा अभिमान वाटू लागला. अभिमान वाटावा असे आपले त्यांच्याशी काही नाते नाही हेही त्यांना कळत होते, तरी वाटला.

भागीरथी आली तेव्हा ऊन सोप्याच्या कडेपर्यंत आले होते. तिने अर्ज कधी पाहिला नव्हता. निवृत्तीने मास्तरांना काय सांगितले होते, कोणाला ठाऊक? आवक बुकात नाव असलेला अर्जदार आता हयात नव्हता आणि तो काय बोलला हे तिने सांगायचे होते. रामचंद्राने कागद वाचला, परत वाचला आणि बाईंच्या हाती दिला. गुरुदासांनीही बाईंच्या खांद्यावरून वाचला. वाचून त्यांनी मान वळवली, चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून.

बाईंनी पूर्व आणि दक्षिण वाचली. पूर्वेला फणस, दक्षिणेला जुनी पाणंद. "अस्तंतेक काय?"

"व्हाळ," भागीरथी म्हणाली. "दिवाळेन सुकता."

कागदात व्हाळ, म्हणजे ओढा, होता. सुकतो हेही होते.

"आनी उत्तरेक?"

"उत्तरेक?" भागीरथी थांबली. "उत्तरेक कायच नाय."

बाईंनी पुन्हा तोच प्रश्न तसाच विचारला. भागीरथीने डोळे मिटून उतार आठवला, बोटाने हवेत दाखवला. "न्हय, बाय, खरां सांगतंय. उत्तरेक कोणाची वई नाय, झाड नाय. नुसतो डोंगर वर जाता. थंय कसली हद्द?"

गुरुदासांनी पुन्हा कागद वाचला. उत्तर कागदावर होते, त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि ते बोलता येत नव्हते. बाईंकडे त्यांनी पाहिले. एक शब्द पुरला असता. रामचंद्र सोडल्यास कोणाची काही हरकत नव्हती, आणि इतके लोक जुळल्यावर एका बाईसाठी कोण भांडत बसणार होते? पण बाईंनी ओठ घट्ट मिटले होते. आज एकदा जरी उत्तर पुरवले असते तर सकाळपासून जुळलेला प्रत्येक कागद भाटकाराच्या वकिलाने फाडून काढला असता. भागीरथीच्या बाजूने त्या सगळ्यांत जास्त होत्या आणि म्हणूनच तिला मदत करू शकत नव्हत्या. माणसाने इतके सरळ असावे का, असे गुरुदासांना त्या घटकेला वाटले, आणि त्याच घटकेला वाटले की आपण या बाईंच्या हाताखाली काम केले हे आपण मरेपर्यंत सांगू.

"जुळणा नाय असां लिवा," बाई हळू म्हणाल्या.

गुरुदासांनी लेखणी उचलली.

"रवात," रामचंद्राने त्यांना थांबवले.

सुरुवातीच्या हरकतीनंतर तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता. छत्री त्याने बाजूला ठेवली. भाटकाराने त्याला कशासाठी पाठवले होते हे सोप्यावरच्या सगळ्यांना माहीत होते, आणि आत्ता गप्प राहणे एवढेच त्याचे काम होते. "बाय, तुमका इचारूक जमणा नाय. माका कोणी ना म्हणूक नाय." मग त्याने भागीरथीकडे पाहिले. "भागीरथे, तू दनपारा पेज घेवन येय. ती तवली खंय ठेवी?"

भागीरथी त्याच्याकडे बघत राहिली. हा कसला प्रश्न, असा तिचा चेहरा झाला. "खंय म्हणजे? वयल्या फातरार. तुका ठावक नाय? तूव थंय बसलेलंस. काजी घेवक येय तेन्ना माज्या हातची पेज जेवलंस, आनी आता इचारतंस?"

"जेवलंय," रामचंद्र म्हणाला. "वाचात, बाय."

बाईंनी कागद जवळ धरला आणि मास्तरांच्या अक्षरातली ओळ वाचली. "उत्तरेस, ज्या दगडावर अर्जदाराचे कुटुंब रोज दुपारी पेजेची तवली आणून ठेवते तो दगड. तेथपर्यंत अर्जदाराची कसणूक."

भागीरथीला पहिल्यांदा काही समजले नाही. तिने गुरुदासांकडे पाहिले, मग कागदाकडे.

"माका लिवल्यान?" ती म्हणाली. "हद्दीत?"

रामचंद्राने गुरुदासांच्या हातून लेखणी काढून घेतली आणि सही केली, सकाळपासूनच्या सह्यांपेक्षा मोठी.

"इतक्या वर्सांत माका कधी सांगूक नाय," भागीरथी म्हणाली. ती त्या खुर्चीवर कधी बसली ते तिलाही कळले नाही. पदर तोंडाला लावला होता, पण डोळे कागदावरच होते. "बाय, ता एकदा परत वाच गो."

विनोदिनीबाईंनी त्या दिवशी कोणाचाही कागद दुसऱ्यांदा वाचला नव्हता. त्यांनी तो परत वाचला.